वरची ओळ

कार्ल्याच्या त्या वस्तीत चौदा एप्रिलला जयंती कधी होतच नाही. त्या दिवशी वस्तीतली निम्मी माणसं पुण्याला, निम्मी मुंबईला, आणि उरलेली कुणी कंपनीत तर कुणी लोणावळ्याच्या हॉटेलात पाळीवर. मग गावची जयंती मे महिन्यात, पोरांना सुट्टी लागली की. आजूबाजूच्या गावांचंही तसंच. टाकव्याची आधी, सुदुंबऱ्याची नंतर, एकमेकांच्या तारखा सांभाळून, म्हणजे गाणारी पार्टी सगळ्यांना मिळते. एवढा उशीर का, असं कुणी पाहुण्यानं विचारलं तर म्हाताऱ्या त्यालाच फटकारतात, बाबासाहेब काय एका दिवसापुरते जन्मले होते काय रे?

उत्सव दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून आलेल्या एखाद्या प्राध्यापकाचं भाषण. दुसऱ्या दिवशी चारला वाद आणि दिवेलागणीला गाणं. भाषण लोक मान देऊन ऐकतात, गाणं जीव लावून ऐकतात, पण वादाला मात्र रस्त्यावरचे चिक्कीवालेसुद्धा दुकान बायकोवर सोडून येतात. कारण इथला वाद नुसता बक्षिसाचा नसतो. बोलणं संपलं की मंडळाचा अध्यक्ष लोकांना हात वर करायला सांगतो, आणि ज्या बाजूला हात जास्त, तसं पुढच्या वर्षी करायचं. मागे एकदा जेवणात बुंदी असावी की शिरा, यावर वाद झाला होता. तेव्हापासून वस्ती शिरा खाते आहे आणि बुंदीवाले अजून धुसफुसतात.

दुसरी रीत म्हणजे बाजू चिठ्ठीनं मिळते. आपल्याला काय वाटतं ते घरी ठेवून यायचं. डब्यात हात घालायचा, जी चिठ्ठी निघेल ती बाजू मांडायची, आणि चिठ्ठी बदलून मागायची नाही. ही रीत घातली निवृत्ती आबांनी. दुसऱ्याची बाजू ज्याला मांडता येत न्हाई त्याला सोताची काय डोंबल मांडता येणार, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्ती आबा म्हणजे तिथल्या गायन पार्टीचे प्रमुख. नावानं जन्मापासून निवृत्त, आणि रेल्वेतून आता दोन वर्षांपूर्वी. मावळात असं गाव नाही जिथल्या जयंतीत त्यांची पेटी वाजली नाही. त्यांच्या शेजारी बेंजोवर चाँदभाई. चाँदभाईंचं पंक्चरचं दुकान जुन्या हायवेवर, आणि दोघांची सोबत इतकी जुनी, की चाँदभाईंच्या घरी ईदला आबा आधी पोचतात आणि मग नमाज पढून चाँदभाई. सगळं गाव निवृत्तीला आबा म्हणायचं, म्हणून त्यांची स्वतःची पोरगी तेजलही त्यांना आबाच म्हणायची.

तेजल पुण्यात वकिली शिकत होती. बोलण्यात कुणाला ऐकणारी नव्हती, पण वादात ओळीनं तीन वर्षं हरली होती, टाकव्याच्या गौरवकडून. गौरव कंपनीत सुपरवायझर, दिसायला साधा, पण माईकसमोर उभा राहिला की लोणी. हरण्याचं दुःख एक वेळ माणूस गिळतो. पण प्रत्येक वेळी कप घेतल्यावर तो तिच्याकडे येऊन म्हणायचा, “छान बोलता ताई, अजून जरा अभ्यास वाढवा.” वकिलीच्या पोरीला कंपनीतला सुपरवायझर अभ्यास वाढवायला सांगतो म्हटल्यावर नाकाला मिरच्या झोंबणारच. यंदा काही झालं तरी जिंकायचं, असं ती पुण्याहून निघतानाच ठरवून आली होती.

यंदाचा विषय अध्यक्ष बजरंगनं काढला होता. जयंतीला डीजे असावा की गायन पार्टी? तरुण पोरांनी दोन वर्षं त्याचं डोकं खाल्लं होतं. सगळ्या गावांत डीजे येतो, भिंतीएवढे स्पीकर येतात, आणि आपणच काय म्हातारे बसवतो? बजरंगला भीती होती की आबा रागावतील. तो दबकत दबकत त्यांच्याकडे गेला, तर आबा म्हणाले, “इषय चांगला हाय. लोकांच्या मनात हाय ते एकदा बोलून मोकळं व्हावं.”

सकाळी विहारात वंदना झाली आणि बजरंगनं स्टीलचा डबा पुढे केला. तेजलनं हात घातला. चिठ्ठी उघडली. डीजे.

आजूबाजूची माणसं पोट धरून हसली. आबांची पोरगी डीजेच्या बाजूनं, म्हणजे पाटलाच्या पोरीनं दारोदार दूध मागण्यातली गत. गौरवनं दुसरी चिठ्ठी हातातच फिरवली आणि म्हणाला, “ताई, यंदा तुम्हाला फार जड जाणार.” तेजल नुसती हसली.

दुपारी जेवताना तिनं आबांना सांगितलं. तिला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. आबा भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून हसायला लागले.

“मंग दणकून बोल,” ते म्हणाले. “समोर बाप बसलाय म्हनून हात आखडता घेऊ नगो. तसं केलंस तर मलाच वंगाळ वाटंल.”

“पण आबा, लोकांनी हात डीजेला वर केले तर?”

“केले तर केले. लोकांची जयंती हाय, माझ्या बापाची न्हाई.”

तिची आई, सविता, ताटात आमटी वाढत होती. ती म्हणाली, “बोल की. पर जीभ जरा सांभाळून. तुला बोलाय लागली की कुटं थांबायचं कळत न्हाई.”

“सविता, तिला शिकवू नगो,” आबा म्हणाले. “चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी.”

आणि तेजलला खरंच वाटलं, की काळजीचं काही कारण नाही. गौरव गायन पार्टीच्या बाजूनं बोलणार, लोक आबांना इतकी वर्षं ऐकत आलेले, हात त्यांच्याच बाजूला जाणार. भाषण ऐकून कुणी हात वर करतं काय? तिला फक्त परीक्षकांचा कप हवा होता. कप माझा, हात आबांचे. असे मांडे तिनं मनात खाल्ले आणि ते तिला गोडही लागले.

आता आबांच्या गाण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आबांनी स्वतः बांधलेलं एक गाणं होतं, चवदार तळ्याचं. ते गायल्याशिवाय त्यांना कुठलं गाव सोडायचं नाही. त्यातली एक ओळ एकदम वर जाते.

ओंजळ भरली, ओंजळ भरली, पाण्याला फुटली वाचा.

त्या ‘वाचा’वर आवाज असा चढायचा की विहाराच्या पिंपळावरची पाखरं उडायची. तेजल लहान असताना आबांनी त्यात एक गंमत घातली होती. पहिल्यांदा ती ओळ ते स्वतः घ्यायचे. दुसऱ्यांदा ती आली की थांबायचे, पेटी तशीच चालू ठेवायचे, आणि बायकांच्या घोळक्यात बसलेली परकरातली तेजल तिथूनच ती ओळ उचलायची. कुणाचं पोर गातंय म्हणून सगळा मांडव माना वळवून बघायचा. आबांनी तिला कधी शिकवलं नव्हतं की इशारा केला नव्हता. ते थांबले की तिच्या गळ्यातून ओळ आपोआप यायची. घरी जाताना आबा तिला खांद्यावर घ्यायचे. पुढे ती मोठी झाली, दहावीचे क्लास सुरू झाले, घोळक्यात बसून गायची लाज वाटायला लागली, आणि ते बंद पडलं. कुणी बंद केलं नाही. असंच बंद पडलं.

नंतर आबांचा आवाज वर जाईना. गळा आयुष्यभर रेल्वेच्या धुळीत आणि रात्रीच्या गार हवेत वापरलेला, त्यात नवल काही नव्हतं. पण पार्टीचा प्रमुख वरच्या ओळीला अडखळला तर पार्टीचं काय राहिलं? मग एक तोड काढली. वरची ओळ आली की आबा कानाला हात लावायचे, तोंड उघडायचे, आणि आवाज निघायचा मागे बसलेल्या प्रतीक्षाचा. प्रतीक्षा म्हणजे आबांची पुतणी, कोरसमध्ये गाणारी. चाँदभाई त्याच वेळी बेंजो जोरात वाजवायचे, म्हणजे बापई आवाज कुठला आणि बाईचा कुठला हे कळायचं नाही. मांडवातल्या माणसाला वाटायचं, आबा गातात आणि पोरगी साथ करते. हे फक्त पार्टीला आणि घराला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चार वाजता मांडव भरला. हिरव्या जाळीतून ऊन गाळून येत होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या तापल्या होत्या, बायका पदरानं वारा घेत होत्या. स्टेजच्या मागच्या अंगाला पार्टी बसली होती. आबा पेटीचा भाता पुसत होते. तेजलला माईकसमोरून ते कडेला दिसत होते.

ती आधी बोलली, आणि बरी बोलली. डीजेला पोरं येतात, पोरं आली नाहीत तर जयंती म्हाताऱ्यांची होईल. बारा तास कंपनीत उभं राहिलेल्या पोराला वर्षातून एक दिवस नाचावंसं वाटलं तर त्यात पाप काय? नाचणंसुद्धा हक्कच आहे, ज्यांना रस्त्याच्या मधून चालायची बंदी होती त्यांच्या नातवंडांनी रस्त्याच्या मधोमध नाचावं. ह्याला पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबांनीही मान हलवली. तिला बरं वाटलं.

मग गौरव उठला. त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, “डीजेवाल्याला आपण कधी विचारलंय का, की बाबा, हे गाणं तू कुणाकडून शिकलास? तो कुणाकडून शिकलेला नसतो. बटण दाबतो. आपल्या आज्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांना बाबासाहेब कुणी सांगितले? पुस्तकानं नाही सांगितले. ह्या पेटीनं सांगितले. निवृत्ती आबा वरची ओळ घेतात तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात. आता मला एक स्पीकर दाखवा, ज्यानं कुणाच्या डोळ्यात पाणी आणलं. कानातून आणलं असेल.”

मांडव हसला, आणि हसता हसता पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं खरंच डोळे पुसले. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. तेजलनं ते लिहिणं पाहिलं. चौथ्या वर्षी पुन्हा तेच. पुन्हा तो येणार आणि अभ्यास वाढवा म्हणणार.

शेवटचं उत्तर तिचं होतं. दोन मिनिटं. ती उभी राहिली तेव्हा तिच्याकडे सांगायला काहीच उरलं नव्हतं. आणि माणसाच्या हाताशी काही उरलं नाही की तो घरातलं भांडं उचलून मारतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“गौरवभाऊ वरच्या ओळीचं फार कौतुक करतात,” ती म्हणाली. “मी त्या घरातली आहे. मला विचारा ना वरची ओळ कोण घेतं. वरची ओळ आली की प्रमुख गायक कानाला हात लावतो, तोंड उघडतो, आणि गप्प राहतो. आवाज मागून येतो. बेंजो का वाढतो माहितीये? ऐकू येऊ नये म्हणून. तुम्हाला वाटतं ती साथ आहे. ती साथ नाही, झाकण आहे. गाणाराच जर ओठ हलवणार असेल, तर डीजे काय वाईट? तो निदान कबूल करतो की आवाज यंत्राचा आहे.”

मागची पोरं हसायला लागली, आणि ते हसू पुढे पुढे येत सगळ्या मांडवात पसरलं. कुणी कानाला हात लावून तोंड वासून दाखवलं. तेजललाही हसू आलं. हे सांगायला नको वाटतं, पण त्या घटकेला तिला फार गोड वाटलं. गौरवचा चेहरा उतरला होता. आणि मग तिनं स्टेजच्या कडेला पाहिलं. प्रतीक्षा जमिनीकडे बघत होती. चाँदभाई तिच्याकडेच बघत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. आबा पेटीचा भाता पुसत होते. तो मघाशीच पुसून झाला होता.

पण बोललेलं काही परत गिळता येत नाही.

कप तिला मिळाला. बजरंगनं नाव पुकारलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. गौरव येऊन म्हणाला, “जिंकलात ताई.” अभ्यासाचं ह्या वेळी काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटून गेलं.

मग बजरंगनं लोकांना हात वर करायला सांगितलं. आधी गायन पार्टीच्या बाजूनं. पहिला हात सविताचा वर गेला, ताठ, कोपर न वाकवता. मागून पाच-सात म्हाताऱ्यांचे गेले. एरवी निम्म्या मांडवाचे हात वर गेले असते, पण ओठ हलवणाऱ्यासाठी हात वर करायचा कसा? माणसं एकमेकांकडे बघत बसली. मग डीजेला हात मागितले. मोजायची गरजच पडली नाही.

सविता उठली आणि खुर्च्यांच्या मधून तेजलजवळ आली. ती मोठ्यानं बोलली नाही. “घरातलं उंबऱ्याच्या आत ठेवाय पायजे व्हतं,” एवढंच म्हणाली आणि बायकांत जाऊन बसली.

तेजलला वाटलं, उठावं आणि आबांजवळ जावं. पण बजरंगनं तिला पाहुण्यांच्या रांगेत, परीक्षकांच्या शेजारी बसवलं, मांडीवर कप दिला, कुणी फोटो काढला. गाणं सुरू व्हायची वेळ झालीच होती. नंतर बोलू, असं तिनं मनाला सांगितलं. घरचं माणूस आहे, जातो कुठं.

मांडवातले दिवे लागले. हायवेवरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग उजळत गेली. आबांनी पेटी पुढे ओढली आणि जय भीम घालून गायला सुरुवात केली. ते गायले नेहमीसारखे, किंबहुना जास्तच चांगले. खालच्या पट्टीत त्यांचा आवाज अजून तुपासारखा होता. मघाशी हसलेली पोरंही हळूहळू गप्प झाली. दोन गाणी झाली, चार झाली. आणि मग तळ्याचं गाणं आलं.

सगळ्या मांडवाला आता वरच्या ओळीचं ठाऊक होतं. सगळे प्रतीक्षाच्या तोंडाकडे बघणार होते.

ओंजळ भरली, ओंजळ भरली.

आबांनी डावा हात क्षणभर भात्यावरून काढून मागे नेला आणि तळवा आडवा धरला. प्रतीक्षानं तोंड उघडलं नाही. चाँदभाईंनी बेंजो वाढवला नाही, उलट अगदी हलका केला. आबा थांबले. पेटी चालू होती, ओळीची जागा मोकळी होती, आणि आबा मान वर करून बायकांच्या घोळक्याकडे बघत होते.

तेजलला वाटलं, ते आईला शोधतायत. तिला वाटलं, आता हट्टानं, तिनं म्हटलं ते खोटं पाडायला, ते एकटे गाणार. तिनं डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात ती म्हणाली, आबा, नका हो.

मोकळी जागा अजून थोडी लांबली. मग आबांनी स्वतः ती ओळ घेतली. ‘पाण्याला’पर्यंत आवाज आला, आणि ‘वाचा’वर फाटला. फडकं फाटावं तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मागे कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. आबांनी तीच ओळ खालच्या पट्टीत म्हणून गाणं पुरं केलं, पेटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि उठले. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं बोलतात, तशा त्या टाळ्या होत्या.

पाहुणे शिऱ्याच्या पंगतीकडे वळले. तेजल स्टेजच्या मागे गेली. चाँदभाई बेंजो गवसणीत घालत होते.

“चाचा,” ती म्हणाली, “त्यांना कशाला एकट्याला गाऊ दिलंत? मी बोलले ते बोलले, तुमी तरी बेंजो वाढवायचा होता. प्रतीक्षानं तरी उचलायची होती.”

चाँदभाईंनी गवसणीची नाडी बांधली. तिच्याशी बोलावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“एकट्यानं गायचंच नव्हतं त्याला,” ते म्हणाले. “सकाळी आमास्नी म्हणला, आज पोरगी गावात हाय. कुणास ठाऊक, पुढच्या वर्साला आपुन असू का डीजे असंल. तर वरच्या ओळीला कुनी मधी येऊ नगा. मी थांबतो, ती उचलंल.”

तेजलनं विचारलं, “सकाळी? वादाच्या आधी?”

“आधी. मंग तुझं बोलनं झालं. मी इचारलं, निवृत्ती, आता कसं करायचं? प्रतीक्षाला सांगू का उचलाय? तर म्हणला, न्हाई, ठरलंय तसंच.”

म्हणजे ते बायकांच्या घोळक्याकडे बघत होते ते तिच्यासाठी. ती लहानपणी जिथं बसायची तिथं. आणि ती पाहुण्यांच्या रांगेत, मांडीवर कप घेऊन, डोळे मिटून बसली होती. तिचं भाषण ऐकूनही त्यांनी तिची जागा ठेवली होती, आणि ती जागा रिकामी गेली. मघापासून तिला वाटत होतं की आपली चूक बोलण्यात झाली. तेवढीच असती तर पाय धरून माफी मागता आली असती. आता न गायलेल्या ओळीची माफी कशी मागतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आबा पिंपळाच्या पारावर पेटी पोत्यात बांधत होते. ती जवळ जाऊन उभी राहिली. पंगतीत शिऱ्याची पातेली वाजत होती.

“आबा,” ती म्हणाली, “मला माहीत नव्हतं. तुमी थांबलात ते माझ्यासाठी, मला कळलंच नाही.”

“भाषण चांगलं केलंस,” आबा म्हणाले. ते खरंच तसं म्हणाले, टोमणा नव्हता. “मुद्द्याचं बोललीस. खोटं काय त्यात?”

“आबा, भाषणाचं सोडा. मला आधी सांगायचं होतं ना, की तिथं उचल म्हणून.”

आबांनी सुतळीची गाठ मारली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं. मग तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं.

“व्हय,” ते म्हणाले. “सांगाय पायजे व्हतं. आदी कधी सांगावं लागायचं न्हाई, म्हनून ऱ्हाऊन गेलं.”

तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि मग पेटीची एक बाजू धरली. तिनं दुसरी धरली. पेटी जड नव्हती, आबा एकटेही ती रोज उचलत. दोघं पारावरून उतरली आणि घराच्या वाटेला लागली. वाटेत कुणी जय भीम घातला, आबांनीही घातला. ती मनात सारखी ती ओळ म्हणून बघत होती. आता मनात आवाज बरोबर चढत होता.

मागून मांडवातला माईक खरखरला. बजरंग होता.

“निवृत्ती आबांच्या तेजलचा कप खुर्चीवर राहिलाय,” तो म्हणाला. “कुणी घरी चाललं असंल तर घेऊन जावा.”